आयमॅपवरचा जुना धागा उघडताना ग्नूज मिनिटभर का थांबते?

मोडीवाचक, बडोदे
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. आम्ही बडोद्यातील काही मंडळी मोडी कागद वाचण्याचा सराव करतो, आणि एखादा शब्द अडला की त्या कागदाचे छायाचित्र जोडून एका सामाईक पत्त्यावर ईमेल टाकतो. गेल्या १४ वर्षांत या पेटीत सुमारे ३८ हजार संदेश जमले आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते, त्यामुळे एका शब्दावर तीसचाळीस उत्तरे होणे ही आमच्याकडची रोजची गोष्ट आहे. कित्येकदा दोन वर्षांनी कुणाला दुसरा कागद सापडतो आणि तो जुन्या संदेशालाच उत्तर देऊन चर्चा पुढे नेतो. अशा वेळी आधीचे सगळे बोलणे एकत्र समोर असल्याशिवाय नव्या उत्तराला अर्थच उरत नाही.

मी ही पेटी ईमॅक्स या मजकूर-संपादकातील ग्नूज या वाचकातून, म्हणजे ईमेल वाचण्याच्या प्रोग्राममधून वाचते, कारण तेथे ईमेल आणि यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्याच्या धर्तीवरचे वार्तागट एकाच पद्धतीने वाचता येतात. नव्या उत्तरावर उभे राहून मोठा ए आणि मग मोठा टी दाबला की ग्नूजने त्या धाग्यातील, म्हणजे उत्तरांच्या साखळीतील, जुने संदेश शोधून आणावेत अशी सोय आहे. वार्तागटांत ती काही क्षणांत काम करते. आयमॅपच्या पेटीत, म्हणजे संदेश सर्व्हरवरच ठेवून तेथून वाचण्याच्या पद्धतीत, मात्र ईमॅक्स जागच्या जागी थिजते आणि मिनिटाहून अधिक काळ कोणतीही कळ चालत नाही.

एक गोष्ट मला विशेष कोड्यात टाकते. त्याच धाग्याच्या पहिल्या संदेशावर उभे राहून तीच कळ दाबली, तर सगळा धागा दोनतीन सेकंदांत येतो. शेवटच्या संदेशावरून दाबली, तर तोच धागा यायला सत्तर सेकंद लागतात. दोन्ही वेळा हाती येणारे संदेश जवळपास तेच असतात, मग वेळेत एवढे अंतर का पडावे? आमच्यातील काहींना वाटते की छायाचित्रांच्या आकारामुळे हे होत असावे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.


रावपुरेकर
सोमवार, रात्री १०.२५

मोडीवाचकताई, छायाचित्रांची शंका आधी बाजूला काढतो. धागा जुळवताना वाचक सर्व्हरकडून संदेशांचा मजकूर किंवा जोडपत्रे मागवत नाही. प्रेषक, विषय, तारीख, प्रत्येक संदेशाचा स्वतःचा ओळखक्रमांक म्हणजे मेसेज-आयडी, आणि पूर्वजांच्या ओळखक्रमांकांची माळ म्हणजे रेफरन्सेस, एवढ्या हेडरच्या, म्हणजे संदेशाच्या माथ्यावरच्या, ओळी त्याला पुरतात. छायाचित्र २० किलोबाइटचे असो की ५ मेगाबाइटचे, या टप्प्यावर ते तुमच्या संगणकाकडे येत नाही.

आता वेळ नेमका कुठे जातो ते पाहू. वाचकाने प्रश्न तयार करणे, तो जाळ्यावरून जाणे, सर्व्हरने उत्तर शोधणे, उत्तर परत येणे, आणि आलेल्या संदेशांची वाचकाने मांडणी करणे, अशा पाच ठिकाणी तो जाऊ शकतो. अंदाजाने सेटिंगे बदलण्यापूर्वी यातील चार ठिकाणे वगळता आली पाहिजेत. ग्नूजच्या आयमॅप भागात एनएनआयमॅप-रेकॉर्ड-कमांड्स नावाचे चल, म्हणजे एक सेटिंग, आहे. ते चालू केले की सर्व्हरला गेलेली प्रत्येक आज्ञा वेळेसह आयमॅप लॉग नावाच्या बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्समध्ये उघडता येणाऱ्या मजकुरात, उतरते. ते चालू करून शेवटच्या संदेशावरून एकदा धागा मागवावा आणि कोणत्या दोन ओळींमध्ये मोठे अंतर पडते ते येथे सांगावे.


कमाटीबाग
मंगळवार, सकाळी ७.४०

आमच्या कार्यालयात अशीच अडचण आली होती, तेव्हा आम्ही पेटीचे वर्षवार तुकडे केले आणि प्रत्येक पेटीत दोनतीन हजारच संदेश ठेवले. त्यानंतर शोध पुष्कळ जलद झाला. ताईंनीही हा सोपा मार्ग अवलंबावा असे सुचवतो.


रावपुरेकर
मंगळवार, सकाळी ८.१५

कमाटीबाग, तुमच्या कार्यालयात पत्रव्यवहार बहुधा त्याच वर्षात संपत असेल, म्हणून तो उपाय तेथे योग्य ठरला. ताईंच्या गटात दोन वर्षांनी जुन्या संदेशाला उत्तर येते. तेथे वर्षवार पेट्या केल्या, तर संदेश लवकर सापडतील, परंतु धागा वर्षाच्या सीमेवर तुटेल, आणि त्यांना हवा आहे तो धागाच. त्यामुळे या ठिकाणी माझे मत तुकडे करण्याच्या स्पष्टपणे विरुद्ध आहे.


मोडीवाचक, बडोदे
मंगळवार, रात्री १०.३०

काका, सांगितल्याप्रमाणे केले. लॉगमध्ये शोधाची एकच आज्ञा आहे आणि तिच्यासमोर २२:१४:०७ ही वेळ आहे. त्यानंतरची ओळ हेडर मागवण्याची आहे आणि तिच्यासमोर २२:१५:१९ असे आहे. म्हणजे ७२ सेकंद सर्व्हर शोधच घेत होता. पुढे हेडर येऊन पडद्यावर धागा मांडून होईपर्यंत एक सेकंदही गेला नाही.

शोधाची ती आज्ञा पाहून मी चकित झाले. ती माझ्या पडद्यावर पंधरासोळा ओळी भरेल एवढी लांब आहे. तिच्यात ‘किंवा’ या अर्थाचा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि कंसात कंस उघडत जातात. मी कागद-पेन्सिल घेऊन मोजले. ज्या संदेशावरून मी धागा मागवला, त्याच्या रेफरन्सेसमध्ये २३ ओळखक्रमांक आहेत. आज्ञेत त्या प्रत्येकासाठी दोन अटी आहेत, ‘ज्याचा मेसेज-आयडी हा आहे’ आणि ‘ज्याच्या रेफरन्सेसमध्ये हा येतो’. त्याशिवाय त्या संदेशाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासाठी आणखी दोन. एकूण ४८ अटी झाल्या. पहिल्या संदेशाला पूर्वजच नसल्यामुळे तेथून मागवताना दोनच अटी जातात. माझ्या कोड्याचे उत्तर येथेच असावे असे वाटते.

खात्रीसाठी मधल्या एका संदेशावरूनही धागा मागवला. त्याला ११ पूर्वज होते, अटी २४ झाल्या, आणि वेळ लागला ३५ सेकंद.


रावपुरेकर
मंगळवार, रात्री ११.१०

ताई, तुम्ही मोजून पाहिलेत म्हणून निदान सोपे झाले. दोन अटींना तीन सेकंद, चोवीस अटींना पस्तीस, अठ्ठेचाळीस अटींना बहात्तर, म्हणजे दर अटीमागे सुमारे दीड सेकंद. तुमचा सर्व्हर प्रत्येक अट जणू स्वतंत्र शोध असल्यासारखी सोडवतो आहे. ३८ हजार संदेश गुणिले ४८ अटी, म्हणजे १८ लाख २४ हजार तपासण्या.

या तपासण्या एवढ्या महाग का पडतात, हे जरा विस्ताराने सांगतो. आयमॅपच्या नियमांनुसार हेडरमधील शोध हा ‘या ओळीत ही अक्षरे कोठेतरी येतात का’ अशा स्वरूपाचा असतो. ‘ही ओळ नेमकी एवढीच आहे का’ असा प्रश्न असता, तर साध्या अनुक्रमणिकेवरून एका उडीत उत्तर मिळाले असते. मध्येच कोठेतरी येणाऱ्या अक्षरांसाठी तशी अनुक्रमणिका उपयोगी पडत नाही, ओळ वाचावीच लागते.

त्यात आणखी एक बारकावा आहे. आयमॅपमध्ये संदेशाचा एक ठरीव सारांश असतो, त्याला एन्व्हलप म्हणतात. त्यात तारीख, विषय, प्रेषक, प्राप्तकर्ते, इन-रिप्लाय-टू (ज्या संदेशाला हे उत्तर आहे त्याचा ओळखक्रमांक) आणि मेसेज-आयडी येतात, मात्र रेफरन्सेस येत नाही. पुष्कळ सर्व्हर हा सारांश तयार करून हाताशी ठेवतात. परंतु प्रश्न रेफरन्सेसचा आला की सारांशाचा उपयोग संपतो आणि ती ओळ वेगळी साठवलेली नसेल, तर प्रत्येक संदेशाची फाइल उघडून तिचे हेडर वाचावे लागते. मी सांभाळतो त्या डव्हकॉट या आयमॅप सर्व्हरमध्ये वाचक ज्या ओळी मागतात त्या ओळखून सर्व्हर त्यांची नोंद कॅश फाइलमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या साठ्यात, ठेवू लागतो, आणि ३० दिवस कुणी एखादी ओळ मागितली नाही, तर ती नोंद पुढे गळून पडू शकते. म्हणून काही ठिकाणी महिन्याभराने केलेला पहिला शोध रेंगाळतो आणि लगेच केलेला दुसरा झटकन होतो.

वार्तागटांत ही अडचण का येत नाही, तेही यातूनच कळेल. एनएनटीपी सर्व्हर, म्हणजे वार्तागटांचा सर्व्हर, प्रत्येक लेखाची एक आढावा-ओळ ठेवतो आणि त्या ओळीत विषय, प्रेषक, तारीख, मेसेज-आयडी, रेफरन्सेस, बाइट आणि ओळींची संख्या ही सात क्षेत्रे असतात. वाचकाने क्रमांकांचा पल्ला दिला की सगळ्या ओळी एकदम येतात. ही पद्धत आधी एक्सओव्हर या नावाने रूढ होती आणि २००६ मध्ये आरएफसी ३९७७ या इंटरनेटच्या नियमपत्राने ती ओव्हर या नावाने प्रमाण केली. तेथे सर्व्हरला शोध घ्यावाच लागत नाही. रेफरन्सेस आयती हाती येते आणि जुळवणी वाचक स्वतः करतो.


मांडवी
बुधवार, दुपारी १२.०५

मी संगणकातली नाही, ग्रंथालयातून निवृत्त झाले आहे. पण रावपुरेकर यांचे लिखाण वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात बोलावले आणि राज्याच्या ग्रंथालयांची घडी त्यांच्या हातून बसवली. आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्यांमधून काचेच्या फरशीवर चालताना खालच्या मजल्यावरचा उजेड पायाखाली दिसतो. तेथे उमेदवारी करताना आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले होते की वाचकाने काहीही विचारले तरी आधी कार्डाच्या खणाकडे जायचे, मांडणीकडे नाही. कार्डावर लेखक आहे, विषय आहे, पण ‘या पुस्तकात अमुक पुस्तकाचा उल्लेख आहे’ अशी नोंद नसते. तो प्रश्न आला की मांडणीपाशी जाऊन एकेक पुस्तक उघडणे भाग पडे. ताईंचा सर्व्हर तेच करतो आहे, आणि अठ्ठेचाळीस वेळा करतो आहे, असे मला समजले. ते बरोबर आहे का?

आणि एक भाबडा प्रश्न. तेवीस पूर्वजांची नावे विचारायचीच कशाला? कुळातला मूळ पुरुष ठाऊक असेल, तर त्याचे एकट्याचे नाव ज्यांच्या वंशावळीत आहे ते सगळे त्याच कुळातले की नाही?


रावपुरेकर
बुधवार, दुपारी १.३०

मांडवीताई, समजले ते अगदी बरोबर आहे, आणि प्रश्न भाबडा मुळीच नाही. या दुखण्याचा उपाय त्याच प्रश्नात आहे. याबाबत सूरसागर यांनी लिहावे अशी विनंती करतो, कारण ईमॅक्समधील त्या भागाचा त्यांना माझ्यापेक्षा अधिक सराव आहे.


सूरसागर
बुधवार, रात्री ८.४५

मांडवीताईंचे म्हणणे मी प्रमाणग्रंथांच्या आधारे पडताळून पाहिले. उत्तर लिहिणाऱ्या वाचकाने मूळ संदेशाची रेफरन्सेस ओळ जशीच्या तशी घ्यावी आणि तिच्या शेवटी मूळ संदेशाचा मेसेज-आयडी जोडावा, असे ईमेलसाठी २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्ये सांगितले आहे. म्हणजे माळेतील पहिला मणी हा नेहमी मूळपुरुषाचा, आणि तो प्रत्येक वंशजाकडे पोहोचतो.

शंका एवढीच उरते की माळ फार लांबली की काही प्रोग्राम ती कापतात, मग मूळच कापले गेले तर काय? वार्तागटांसाठीच्या २००९ च्या आरएफसी ५५३७ मध्ये यावर स्पष्ट नियम आहे. ओळ ९९८ अक्षरांपलीकडे जात असेल तर ती कापलीच पाहिजे, मात्र कापताना पहिला ओळखक्रमांक आणि शेवटचे दोन यांना हात लावता येणार नाही. मधले मणी गळले तरी पहिला टिकतो, तो याच नियमाने. ज्यांनी हे ठरवले, त्यांना धागा पुन्हा जुळवणाऱ्याची काळजी होती, हे मला फार मोलाचे वाटते.

तेव्हा ४८ अटींच्या जागी दोनच अटी पाठवाव्यात. ‘ज्याचा मेसेज-आयडी मूळ संदेशाचा आहे’ ही एक आणि ‘ज्याच्या रेफरन्सेसमध्ये मूळ संदेशाचा ओळखक्रमांक येतो’ ही दुसरी. ग्नूजमध्ये हे शोधवाक्य तयार करणारे एक छोटे फंक्शन आहे. मूळ फाइलला हात न लावता, ईमॅक्सच्या अॅडव्हाइस या सोयीने त्याच्याभोवती आपले फंक्शन गुंडाळता येते. आपल्या फंक्शनने रेफरन्सेसची ओळ मोकळ्या जागांवर तोडावी, पहिला तुकडा घ्यावा, ओळ रिकामी असेल तर संदेशाचा स्वतःचा ओळखक्रमांक घ्यावा, आणि त्यावरून दोन अटींचे वाक्य परत करावे. दहाबारा ओळींत काम होते. आवृत्तीनुसार त्या फंक्शनचे नाव आणि जागा बदललेली असते, म्हणून ताईंनी आपल्या ईमॅक्समध्ये आधी मोठा ए, मोठा टी या कळजोडीचे वर्णन उघडावे आणि तेथून एकेक पायरी आत जात ते फंक्शन शोधावे.

आयमॅपमध्ये आणखी एक वाट आहे, तिचाही उल्लेख करतो. २००८ च्याच आरएफसी ५२५६ ने थ्रेड ही आज्ञा दिली, ज्यात सर्व्हर स्वतःच धागे जुळवून त्यांची रचना परत करतो. त्यातील रेफरन्सेस नावाची पद्धत जेमी झाविन्स्की यांनी नेटस्केपच्या मेल आणि न्यूज वाचकासाठी बसवलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. हरवलेल्या पूर्वजाच्या जागी एक रिकामी पेटी धरून तिच्याखाली वंशज टांगायचे, ही तिच्यातील मला सर्वांत आवडणारी युक्ती आहे. सर्व्हर आपल्या क्षमतांच्या यादीत ही आज्ञा सांगतो की नाही ते लॉगमध्ये दिसेल. परंतु सर्व्हरने ती सांगितली म्हणून ती जलद असेलच असे नाही, कारण त्यालाही रेफरन्सेस कोठून तरी वाचावीच लागते.


अलकापुरी
बुधवार, रात्री ९.३०

विषय ग्नूजचा आहे, तरी थंडरबर्ड हा दुसरा ईमेल-वाचक वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द लिहिते. तेथे प्रत्येक पेटीसाठी एमएसएफ या शेपटीची एक सारांश फाइल असते आणि धाग्यांची मांडणी तिच्यावरून होते. ती बिघडली की पेटी उघडायला वेळ लागतो किंवा धागे विस्कटतात. पेटीच्या गुणधर्मांत जाऊन दुरुस्तीचे बटण दाबले की ती फाइल नव्याने तयार होते. ‘संपूर्ण संभाषण उघडा’ ही सोय मात्र सारांश फाइलवर नाही, तर सर्व पेट्यांच्या मिळून केलेल्या एका एसक्यूलाइट कोठारावर चालते. त्यामुळे कोणते दुखणे आहे ते आधी ओळखावे. दोन्ही बाबतींत आधी प्रोफाइलची प्रत काढून ठेवावी.


मोडीवाचक, बडोदे
शुक्रवार, रात्री ११.२०

दोन रात्री बसून सूरसागर यांनी सांगितलेले फंक्शन लिहिले. प्रथम कंस चुकत होते, नंतर एकदा ओळखक्रमांकाभोवतीची अवतरणचिन्हे राहून गेल्यामुळे सर्व्हर आज्ञाच नाकारत होता. अखेर आज जमले. ज्या संदेशावरून ७२ सेकंद लागत होते, तेथून आता तीन सेकंदांत धागा येतो. मांडवीताई, तुमच्या त्या एका प्रश्नाबद्दल मनापासून आभार.

थ्रेड ही आज्ञा आमच्या होस्टिंगवाल्यांच्या सर्व्हरच्या क्षमतांच्या यादीत नाही, त्यामुळे ती वाट बंद आहे. त्यांच्याकडे दोन वेळा लेखी विचारणा केली. पेटीतील संदेश कमी करावेत, एवढेच उत्तर आले.

तरीही एक गोष्ट खटकते आहे. आमच्याकडे ‘दिन की दीन’ असा एक मोठा धागा आहे. एका दानपत्रात तो शब्द आहे आणि मोडीत दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे दिवस की गरीब हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. जुन्या पद्धतीने त्या धाग्यात ५२ संदेश येत होते. नव्या पद्धतीने ४१ येतात. अकरा संदेश कोठे गेले? वेग मिळाला आणि संदेश गेले, असा सौदा मला करायचा नाही.


सूरसागर
शनिवार, सकाळी ९.१०

ताई, तो सौदा करूच नये. त्या अकरांपैकी सर्वांत जुन्या संदेशाचे पूर्ण हेडर उघडून पाहावे. माझा अंदाज असा आहे की त्यात रेफरन्सेसची ओळच नसेल, फक्त इन-रिप्लाय-टू असेल.


मोडीवाचक, बडोदे
शनिवार, सकाळी ११.००

अंदाज तंतोतंत खरा ठरला. तो संदेश आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी त्यांच्या जुन्या फोनवरून पाठवला होता. त्यात इन-रिप्लाय-टू आहे, रेफरन्सेस नाही. त्याच्या खालच्या दहा उत्तरांमध्ये रेफरन्सेस आहे, पण तिची सुरुवात आमच्या मूळ संदेशापासून होत नाही. ती मधल्याच एका संदेशापासून सुरू होते.


सूरसागर
शनिवार, दुपारी १२.२०

येथेच शाखा तुटली. रेफरन्सेस नसलेल्या संदेशाला उत्तर देताना पुढच्या वाचकाने नियमाप्रमाणे इन-रिप्लाय-टूमधील ओळखक्रमांक घेतला आणि त्यापुढे त्या संदेशाचा मेसेज-आयडी जोडला. त्यामुळे त्या शाखेपुरता मूळपुरुष बदलला. मूळ संदेशाचे नाव तिच्या वंशावळीत नाही, म्हणून दोन अटींचा शोध तेथे पोहोचत नाही. ४८ अटींच्या शोधात मधल्या पूर्वजांचीही नावे होती, त्यांपैकी एकाने ही शाखा पकडली. त्या लांब शोधवाक्यामागे विचार होता, हे आपण मान्य केले पाहिजे. ज्यांनी ते लिहिले, त्यांना अशी तुटकी वंशावळ ठाऊक असणार.

यावर मधला उपाय असा. मूळ संदेशाबरोबर थेट जनकाचा, म्हणजे माळेतील शेवटचा ओळखक्रमांकही शोधावा. चार अटी होतील, सुमारे सहा सेकंद लागतील, आणि नव्या उत्तराच्या आसपासची तुटकी शाखा बहुतेक वेळा हाती येईल. तुटक्या शाखेतूनच शोध सुरू झाला असेल, तर आलेल्या संदेशांतील सर्वांत वरच्या संदेशावर जाऊन तीच कळ पुन्हा एकदा दाबावी, म्हणजे खरा मूळपुरुष सापडतो. आणि मूळचे ४८ अटींचे शोधवाक्य पुसून न टाकता वेगळ्या कळीवर ठेवावे. जेव्हा एकही संदेश सुटून चालणार नाही, तेव्हा सत्तर सेकंद थांबण्यात काही वावगे नाही.

ताई, जाता जाता एक सूचना. ज्यांचे पूर्वज सापडत नाहीत असे संदेश ग्नूज मूळ सेटिंगमध्ये विषय सारखा असल्यास एकत्र टांगते. तुमच्या गटात ‘शंका’ किंवा ‘शब्द अडला’ असे विषय वारंवार येत असतील, तर परस्परांशी संबंध नसलेले धागे एकाखाली एक दिसतील. एकत्र करण्याची ती पद्धत बदलून रेफरन्सेसवर आधारलेली पद्धत निवडावी.


रावपुरेकर
शनिवार, सायंकाळी ६.००

सूरसागर यांचा उपाय चांगला आहे. तरीही माझे मत असे आहे की १४ वर्षांचा हा ठेवा केवळ होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर ठेवून प्रत्येक वेळी त्याला प्रश्न विचारत बसणे योग्य नाही. त्याची एक प्रत ताईंच्या संगणकावर असावी. एमबीसिंक या प्रोग्रामने सगळी पेटी मेलडिर स्वरूपात, म्हणजे दर संदेशाची वेगळी फाइल करून, उतरवून घ्यावी आणि तिच्यावर नॉटमच हा ईमेल शोधणारा प्रोग्राम चालवावा. नॉटमच झापियन या शोधयंत्रावर बांधलेला आहे. संदेश प्रथम नोंदवतानाच तो रेफरन्सेस आणि इन-रिप्लाय-टू या दोन्ही ओळी पाहतो, त्यावरून धाग्याचा क्रमांक ठरवतो आणि तो क्रमांक नोंदीतच लिहून ठेवतो. उशिरा आलेल्या संदेशामुळे दोन धागे एकच असल्याचे कळले, तर तो त्यांना जोडतो. मग धागा मागवताना पूर्वज शोधण्याचे कामच उरत नाही. मांडवीताईंच्या भाषेत सांगायचे, तर ‘या पुस्तकात त्या पुस्तकाचा उल्लेख आहे’ ही नोंद कार्डावर आधीच झालेली असते.

पहिली उतरवणी रात्रभर चालू द्यावी. एमबीसिंकमध्ये पुसण्याची समक्रमणा सुरुवातीला बंद ठेवावी, म्हणजे चुकून येथे काही पुसले गेले तरी सर्व्हरवरचा मूळ संदेश जागेवर राहील.


मोडीवाचक, बडोदे
पुढचा मंगळवार, रात्री १०.१५

काका, रविवारी रात्री उतरवणी लावली, सोमवारी सकाळी ३८ हजार संदेश संगणकावर होते. नॉटमचने त्यांची नोंद दुपारच्या चहापर्यंत पूर्ण केली. आता ग्नूजमधूनच त्याच्यावर शोध घेते. ‘दिन की दीन’ हा धागा उघडला तेव्हा कळ सोडायच्या आत तो समोर होता, आणि त्यात ५२ नव्हे, तर ५५ संदेश निघाले. जे तीन अधिक आले, त्यांपैकी एक २०१९ चा आहे. त्यात त्याच दानपत्राच्या दुसऱ्या पानाचे छायाचित्र जोडलेले आहे आणि तेथे त्याच शब्दाच्या आधी तिथी लिहिलेली स्पष्ट दिसते. म्हणजे शब्द ‘दिन’ आहे. हा संदेश पाच वर्षांहून अधिक काळ आमच्याच पेटीत होता आणि आम्ही तेवढा काळ ‘दीन’ धरून चाललो होतो.

चार अटींचे फंक्शन सर्व्हरवरच्या पेटीसाठी तसेच ठेवले आहे, कारण प्रवासात लहान संगणकावर सगळी प्रत नेता येत नाही. त्याचा मजकूर हवा असेल त्यांनी सांगावे, मी ईमॅक्सच्या जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांसाठी लिहिलेला देईन.


रावपुरेकर
पुढचा मंगळवार, रात्री १०.४०

उत्तम. आता एवढेच करावे की एमबीसिंकचे काम पूर्ण झाल्यावर लगेच नॉटमचची नवी नोंद आपोआप सुरू होईल अशी दोन्ही आज्ञांची एकच फाइल करून ती दर पंधरा मिनिटांनी चालवावी. नाहीतर नवा संदेश प्रतीत असेल, पण नोंदीत नसेल, आणि धाग्याचे शेवटचे उत्तर दिसणार नाही.


मांडवी
बुधवार, सकाळी ७.३०

ताई, त्या दुसऱ्या पानाचे छायाचित्र मलाही पाठवावे. तिथी मला माझ्या डोळ्यांनी वाचायची आहे.